गणित सुटून चार वर्षे झाली. फाउंडेशन वर्ष झेपेल का?

विज्ञान किंवा अभियांत्रिकीच्या फाउंडेशन वर्षाला, म्हणजे पदवीआधीच्या पूर्वतयारीच्या वर्षाला, प्रवेश मिळालेले विद्यार्थी समुपदेशनासाठी येतात, तेव्हा बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. प्रवेश तर मिळाला, पण गणित आणि भौतिकशास्त्र सुटून इतकी वर्षे झाली आहेत, तर वर्ग सुरू होण्याआधी हे सगळे भरून काढता येईल का? या प्रश्नातला ‘सगळे’ हा भागच पुढे गोंधळ घालतो, असे मला अनेकदा दिसले आहे. असाच प्रश्न घेऊन आलेल्या एका विद्यार्थिनीविषयी येथे लिहीत आहे. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, मात्र तिच्या चुका आणि त्यावर आम्ही केलेले काम जसेच्या तसे दिले आहे.

शालेय शिक्षणानंतर तिने वाणिज्य शाखा घेतली होती आणि चार वर्षे हिशेब विभागात नोकरी केली होती. यंत्र अभियांत्रिकीकडे वळायचे ठरवल्यावर तिला इंग्लंडमधील एका विद्यापीठात पदवीला जोडूनच असलेले फाउंडेशन वर्ष मिळाले. तेथे या वर्षाची पातळी साधारणपणे ए-लेव्हलच्या (शाळेअखेरच्या, आपल्या बारावीसारख्या परीक्षेच्या) बरोबरीची, म्हणजे तेथील पात्रतांच्या श्रेणीत तिसऱ्या स्तराची असते. ते उत्तीर्ण झाल्यावर पदवीचे पहिले वर्ष चौथ्या स्तरावर सुरू होते आणि तीन वर्षांची पदवी एकूण चार वर्षांची होते. हे वर्ष मुळातच ज्यांनी आधी विज्ञान पुरेसे घेतलेले नाही, किंवा ज्यांचा अभ्यास मध्ये खंडित झाला आहे, अशांसाठी आखलेले असते. तिला हे कागदोपत्री ठाऊक होते, पण वर्गात आपल्याशिवाय सर्वांना सगळे येत असेल, हे तिने मनाशी पक्के करून टाकले होते.

भेटायला आली तेव्हा वर्ग सुरू व्हायला जेमतेम अडीच महिने राहिले होते आणि तिने तयारीला सुरुवातही केली होती. कलनशास्त्रावरील (कॅल्क्युलसवरील) व्हिडिओ ती रोज पाहत असे आणि त्यांच्या टिपणांनी भरलेल्या दोन वह्या तिने माझ्यापुढे ठेवल्या. अक्षर सुंदर, सूत्रे चौकटीत, महत्त्वाच्या ओळी दोन रंगांत. ती म्हणाली, “मॅडम, बघताना सगळं कळतं. वही मिटली की काहीच उरत नाही. माझी स्मरणशक्तीच गेली आहे का?”

स्मरणशक्तीवर लगेच काही न बोलता मी तिला एक साधे गणित दिले. ४ ओहम आणि ६ ओहमचे दोन रोध समांतर जोडले, तर एकूण रोध किती? सूत्र तिला आठवले: एकूण रोधाचा व्यस्त म्हणजे दोन्ही रोधांच्या व्यस्तांची बेरीज. तिने १/४ अधिक १/६ असे लिहिले, आणि पुढच्याच ओळीत सगळे अपूर्णांक एकदम उलटे करून उत्तर काढले, १० ओहम.

मी विचारले, “विजेला जायला एकच वाट होती, तिथे आपण दुसरी वाट उघडून दिली. अडथळा वाढेल की कमी होईल?”

“कमी होईल.” ती थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिली. “म्हणजे उत्तर ४ पेक्षाही कमी यायला हवं.”

मग तिने छेद सारखे केले, ३/१२ अधिक २/१२ म्हणजे ५/१२ मांडले आणि ते उलटे करून २.४ ओहम हे बरोबर उत्तर आणले. तिच्या लक्षात आले नसावे, पण या पाच मिनिटांत तिची खरी अडचण आणि तिचे खरे बळ, दोन्ही कागदावर उतरले होते. भौतिकशास्त्राची समज तिच्याकडे होती. अडले ते अपूर्णांकांच्या बेरजेत. आणि या अडचणीवर कलनशास्त्राचे कितीही व्हिडिओ पाहिले तरी उपाय होणार नव्हता.

फाउंडेशन वर्षाची तयारी म्हणजे त्या वर्षाचा अभ्यासक्रम आधीच उरकून ठेवणे, ही समजूत मला नुकसानकारक वाटते. अवकलन, संकलन, बलांचे विश्लेषण, विद्युत मंडले हे सर्व तेथे पहिल्यापासून शिकवले जाते. सूत्रातील एखादी राशी बाजूला कशी काढायची, घातांकांचे नियम, उणे चिन्ह कंसाबाहेर काढताना काय होते, एककांचे रूपांतर, या गोष्टींवरून मात्र शिक्षक भरभर पुढे जातात, कारण त्या येतात असे गृहीत धरलेले असते. फळ्यावरची नवी कल्पना समजून घेण्यात मन गुंतलेले असताना बीजगणिताच्या प्रत्येक ओळीवर थांबावे लागले, तर त्या कल्पनेसाठी डोक्यात जागाच राहत नाही. त्यात काळजीची भर पडली की अवघडच. गणिताची धास्ती कार्यस्मृतीचा, म्हणजे काम करताना माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीचा, काही हिस्सा अडवून ठेवते, हे मानसशास्त्रीय प्रयोगांतही दिसले आहे.

म्हणून आम्ही कलनशास्त्र बाजूला ठेवले. तिला हा निर्णय आवडला नाही, कारण दोन वह्यांची मेहनत फुकट गेल्यासारखे तिला वाटले, आणि खरे सांगायचे तर त्यातली बरीचशी गेलीच होती. मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते की पाठ केलेले बरेचसे पहिल्या काही तासांतच विसरले जाते आणि अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. पुढे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत असे आढळले की उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवत होते, परंतु आठवड्यानंतर ज्यांनी न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केला होता ते पुढे होते. तिच्या ‘बघताना कळतं, नंतर उरत नाही’ या तक्रारीचे उत्तर यात होते. तिची स्मरणशक्ती ठीकच होती. न पाहता आठवण्याचे काम तिने स्मरणशक्तीला कधी दिलेच नव्हते.

तिने एक तिसरी वही घातली. यात टिपणे नव्हती, फक्त चुकलेली गणिते होती. रोज थोडीच, पण निरनिराळ्या प्रकारांची मिसळलेली गणिते पुस्तक मिटून सोडवायची, चुकलेले गणित वहीत उतरवायचे, चूक नेमकी कोणत्या ओळीत झाली ते अधोरेखित करायचे, आणि तेच गणित काही दिवसांनी कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवायचे. गणिते मिसळलेली असावीत यावर मी अडून बसले, कारण एकाच प्रकारची वीस गणिते ओळीने सोडवली तर पद्धत निवडण्याचा सरावच होत नाही, आणि परीक्षेत तर आधी पद्धतच निवडावी लागते.

या वहीतील एक चूक बहुतेक सर्वांच्या हातून होणारी आहे, म्हणून सविस्तर सांगते. गणित होते २ मीटर लांब आणि ०.४ मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या तारेचा रोध काढण्याचे. तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ तिने चौरस मिलिमीटरमध्ये बरोबर काढले, आणि मग मीटरमध्ये १,००० मिलिमीटर असतात म्हणून त्याला १,००० ने भागले. पण चौरस मीटरमध्ये चौरस मिलिमीटर असतात १० लाख. त्यामुळे जेथे सुमारे ०.२७ ओहम यायला हवे होते, तेथे उत्तर त्याचा हजारावा भाग आले. आणखी एकदा ३० अंशांच्या कोनाची साइन तिला उणे ०.९८८ मिळाली, कारण कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककावर राहिला होता. अशा वेळी उत्तराकडे संशयाने पाहण्याची सवय कामी येते: शून्य ते ९० अंशांमधल्या कोनाची साइन उणे येईलच कशी? हिशेब विभागात ताळमेळ न जुळणारा आकडा तिला लगेच खुपत असे. तीच नजर येथे वापरा, असे सांगितल्यावर तिला ते चटकन पटले, आणि इतकी वर्षे वाया गेली हे तिचे पालुपदही त्यानंतर कमी झाले.

प्रयोगशाळेची धास्ती तिला गणिताहूनही जास्त होती, कारण तिने शाळेनंतर एकही प्रयोग केलेला नव्हता. यासाठी मी तिला घरच्या घरी साधा दोलक करायला सांगितला. दोरा, रबरी चेंडू, मोजपट्टी आणि फोनमधील स्टॉपवॉच एवढेच साहित्य. सुमारे एक मीटर लांबीच्या दोलकाचा आवर्तकाल दोन सेकंदांच्या आसपास असतो. पहिल्यांदा तिने एकेका आंदोलनाची वेळ घेतली आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा आला. बटण दाबण्यातली दिरंगाई दोन सेकंदांच्या मानाने फार मोठी होती. मग वीस आंदोलनांची एकत्र वेळ घेऊन तिने भागाकार केला, तेव्हा तीच दिरंगाई वीस आंदोलनांत वाटली गेली आणि आकडे जवळजवळ आले. त्यावरून काढलेले गुरुत्वत्वरण मात्र ९.६ आले, ९.८ नव्हे. पुन्हापुन्हा वेळ घेऊनही ते हलेना, तेव्हा तिने मला विचारले. मी उत्तर सांगितले नाही, फक्त दोऱ्याची लांबी कोठून कोठपर्यंत मोजली एवढेच विचारले. तिने चेंडूच्या वरच्या टोकापर्यंत मोजली होती. ती मध्यबिंदूपर्यंत हवी होती आणि चेंडूचा व्यास होता ४ सेंटिमीटर. सर्व वाचनांत सारखीच शिरणारी चूक वाचनांची संख्या वाढवून जात नाही, हे तिला या दोन सेंटिमीटरांनी शिकवले. मग हा प्रयोग तिने उद्दिष्ट, पद्धत, वाचने, अनिश्चितता आणि चर्चा अशा क्रमाने दोन पानांत लिहून काढला. पहिला मसुदा फारच जुजबी होता, दुसरा वाचण्याजोगा झाला.

घरचे म्हणत होते, एक वर्ष जास्तीचे का घालवायचे? यावर मी तिच्या वतीने वकिली केली नाही. विद्यापीठाकडून आलेले प्रवेशाचे पत्र मात्र तिच्यासोबत नीट वाचले, कारण पदवीच्या पहिल्या वर्षात जाण्यासाठी नुसते उत्तीर्ण होणे पुरेसे आहे की गणितासारख्या विषयात ठरावीक गुण लागतात, हे प्रत्येक अभ्यासक्रमात वेगळे असते आणि विद्यार्थी ते विचारायचे राहून जातात. याविषयी विद्यापीठाशी केलेल्या पत्रव्यवहारातच विषयांची यादी, सुरुवातीला चाचणी असते का, कोणता कॅल्क्युलेटर चालतो आणि गणितासाठी मदत कक्ष आहे का, हेही तिने विचारून घेतले. अट कळल्यावर घरच्यांशी बोलणे तिला सोपे गेले. प्रोग्रामिंग आधी शिकू का, या प्रश्नावर मी तिला थांबवले. वेळ उरला तर जरूर, पण अपूर्णांकांच्या बदल्यात नाही.

वर्ग सुरू झाल्यावर साधारण महिन्याने तिच्याशी बोलणे झाले. सुरुवातीच्या चाचणीत तिचे बीजगणित चांगले गेले आणि त्रिकोणमितीत ती अडखळली, कारण आम्ही त्यासाठी फारसा वेळ ठेवला नव्हता. कलनशास्त्राच्या पहिल्या व्याख्यानात निम्मे समजले, असे तिने सांगितले, पण आवाजात पूर्वीची घाबरगुंडी नव्हती. उरलेल्या निम्म्यातील तीन नेमके प्रश्न लिहून ती गणिताच्या मदत कक्षात जाऊन आली होती. सध्या तिला जड जात आहे ते प्रयोगाचे अहवाल वेळेत संपवणे, आणि पुढच्या भेटीसाठी आम्ही तोच विषय ठरवला आहे.