घर पाडल्याचा राडारोडा परसातल्या मातीत मिसळलाय, तिथली भाजी खावी का?

तुम्ही लिहिलंय की जुनं घर पाडून नवं बांधलं, परसात विटा-सिमेंटचे तुकडे पसरलेत आणि तिथेच मेथी, मुळा लावायचाय. सांगलीत आमच्याकडेही हेच झालं होतं, म्हणून सांगते.

विटा, वाळू, सिमेंट, चुना यांनी भाजी विषारी होत नाही. मातीचा सामू (पीएच) मात्र वाढतो, म्हणजे ती जास्त अल्कधर्मी होते. कृष्णाकाठची काळी माती मुळातच चुनखडीची, त्यात ही भर. माझ्या भेंडीची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. कुठलाही द्राक्षबागायतदार बघताक्षणी सांगेल, झाडाला लोह मिळत नाहीये. खणलं तर वीतभर खाली, गवंड्यांनी माल कालवला होता तिथे, सिमेंटची अख्खी खपली निघाली. अशा जागी भाजी कमी येते, पण आलेली खायला हरकत नाही.

मी घाबरले ते त्याच खड्ड्यातल्या नखाएवढ्या हिरव्या पापुद्र्यांना. जुन्या खिडक्यांचा ऑइलपेंट होता तो. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते कितीतरी जास्त असू शकतं, आणि मातीत गेलेलं शिसं वर्षानुवर्षं तिथेच राहतं. मुळांवाटे ते फळात फारसं चढत नाही, त्यामुळे टोमॅटो, वांगी, भेंडीची भीती कमी. पण मेथी-पालकाच्या पानांना आणि मुळा-गाजराला माती चिकटते, तिच्यातून ते पोटात जातं. घरात रांगतं मूल असेल तर त्याला तिथल्या मातीत खेळू देऊ नका. शिशाचा परिणाम मुलांच्या मेंदूवर होतो, आणि इतकं चालेल असं प्रमाणच नाही.

माती तपासायला देताना शिशाची तपासणी वेगळी मागा. नेहमीच्या अहवालात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश असं येतं, शिसं नसतं. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचे तुकडे दिसले तर फोडू नका, ओले करून उचला. त्यातलं अॅस्बेस्टॉस श्वासातून बाधतं, भाजीतून नव्हे. घराच्या पायात वाळवीचं औषध मारलं असेल तर भिंतीलगत काहीच लावू नका.

आम्ही वरची फूटभर माती काढून टाकली, गाळाची माती आणि शेणखत भरलं. तरी मेथी मी अजून क्रेटमध्येच लावते. नातू दोन वर्षांचा आहे, आणि पानं तोडायला तोच पुढे असतो.