प्रकटदिनाच्या वर्गणीतून उरलेली रक्कम गावातल्या गरीब मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी कशी वापरावी?

आपण विचारले आहे की, गावातल्या गजानन महाराजांच्या मंदिरात प्रकटदिनाची वर्गणी चांगली जमते, महाप्रसाद होऊनही रक्कम उरते, ती गरीब मुलांसाठी आणि अडलेल्या कुटुंबांसाठी वापरावी असे कमिटीतल्या तरुणांना वाटते, पण ज्येष्ठांना ते पटत नाही. तेव्हा सुरुवात कशी करावी? मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो आणि आमच्या मंदिराच्या अशाच कामात बरीच वर्षे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

किती द्यावे याच्या आधी केव्हा द्यावे हे ठरवा. आपल्या भागात हातात पैसा खेळतो तो कापूस विकला गेल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर माघ-फाल्गुनापर्यंत. प्रकटदिन माघ वद्य सप्तमीचा, त्यामुळे वर्गणी सढळ हाताने मिळते आणि उरलेली रक्कम लगेच वह्या, साड्या किंवा ब्लँकेट वाटून संपवण्याचा मोह होतो. पण गरिबाच्या घरची खरी ओढाताण मृगाच्या तोंडावर सुरू होते. बियाण्याच्या थैल्या, खत, ट्रॅक्टरचे भाडे हे सारे तेव्हाच अंगावर येते, दहावी-बारावीचे निकाल नुकतेच लागलेले असतात आणि उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा जूनच्या अखेरीस उघडत असल्याने पेरणी आणि प्रवेश यांची गाठ नेमकी त्याच पंधरवड्यात पडते. अशा वेळी बाप आधी बियाणे आणतो, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण पेरणी हुकली तर सगळे वर्षच हातचे जाते. मुलाचा प्रवेश मात्र ‘पुढच्या सालाला पाहू’वर जातो, मुलगा पुण्याकडे कंत्राटी कामाला निघून जातो आणि पुन्हा वर्गात बसत नाही. म्हणून माघात जमलेला पैसा बँकेत ठेवावा आणि जूनमध्ये काढावा, असे मी आग्रहाने सांगेन.

शिक्षणासाठी मदत म्हणजे फी भरणे, अशी आपली समजूत असते. ती आता पुरती खरी राहिलेली नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि इतर मागासवर्गीय मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी स्वाधार योजना आहे. मग मुले अडतात कुठे? पहिली अडचण खोलीभाडे आणि मेसची, कारण शिष्यवृत्ती खात्यात यायला महिनोन्‌महिने लागतात आणि मेसवाला तर पहिल्याच महिन्याचे पैसे आगाऊ मागतो. दुसरी आणि मोठी अडचण कागदांची. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या मुलाला १९५० पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीय मुलाला १९६७ पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. ज्याचा आजा शाळेची पायरी चढला नाही आणि ज्याच्या नावावर कधी शेत नव्हते, त्याने हा पुरावा आणावा कुठून? तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, जीर्ण पाने असतात, त्यात आज्याच्या किंवा चुलत आज्याच्या जन्माची एखादी ओळ सापडते आणि तिच्या नकलेवर मुलाचे पुढचे सगळे शिक्षण उभे राहते. पॉलिटेक्निकला नंबर लागलेला आमच्या गावचा एक मुलगा सगळे दाखले खताच्या पिशवीत गुंडाळून मंदिरात घेऊन आला होता. त्याच्याकडे उत्पन्नाचा दाखला होता, डोमिसाइल होते, नव्हती फक्त ती एक ओळ. आमच्या कमिटीतले एक निवृत्त ग्रामसेवक त्याच्याबरोबर अभिलेख कक्षात बसले आणि नोंद सापडली. त्यात मंदिराचा खर्च झाला तो बसभाड्याचा आणि नकलेच्या फीचा. आपल्या गावातही असा निवृत्त शिक्षक, तलाठी किंवा ग्रामसेवक असेलच. त्याला या कामात आधी ओढा, कारण मोठ्या देणगीपेक्षा त्याचा उपयोग अधिक आहे.

ज्या घरातल्या कर्त्या शेतकऱ्याने आत्महत्या केली आहे त्या घराबद्दल जरा जास्त लिहितो, कारण यवतमाळ, अमरावती, वर्धा या भागात कोणत्याही कमिटीपुढे हा प्रसंग कधी ना कधी येतोच. पात्र प्रकरणात शासन एक लाख रुपये देते, त्यातले तीस हजार हाती मिळतात आणि सत्तर हजार ठेवीत राहतात. परंतु पात्र ठरण्यासाठी नापिकी, बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज, वसुलीचा तगादा हे कागदावर दिसावे लागते, आणि जमीन सासऱ्याच्या नावावर किंवा कर्ज गावातल्याच खासगी माणसाचे असले की प्रकरण अपात्र ठरण्याचा धोका असतो. दुःखात बुडालेल्या बाईला पोस्टमॉर्टेम अहवाल, पंचनामा, सातबारा, बँकेचा दाखला असे एकेक कागद गोळा करायचे असतात. त्यानंतर सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचे आणि मुलांचे नाव चढले पाहिजे, नाहीतर पुढचे पीककर्ज आणि विमा दोन्ही अडतात. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला पंधराशे रुपये तिला मिळू शकतात, पण त्यासाठी एकवीस हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला हवा. मुलांसाठी बालसंगोपन योजनेतून महिन्याला प्रत्येकी सव्वादोन हजार रुपये मिळू शकतात, हे तर अनेकींना ठाऊकच नसते. अशाच एका घरी आम्ही किराणा आणि थोडी रक्कम घेऊन गेलो, तेव्हा त्या बाई म्हणाल्या, “पैसे नोका देऊ जी, पण माह्यासंगं तहसीलात कोनी तं चाला.” एकट्या बाईने कचेरीत गेले की ‘साहेब नाहीत, उद्या या’ ऐकून परत यावे लागते, त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच, आणि बरोबर गावातली चार जाणती माणसे असली की तोच कागद टेबलावरून पुढे सरकतो, हे मी स्वतः पाहिले आहे. किराणा जरूर द्यावा, पण त्यावर थांबू नये.

देण्याच्या पद्धतीबद्दल माझे मत ठाम आहे. मंचावर बोलावून, हार घालून, फोटो काढून मदत देऊ नये, आणि ज्या मुलाला मदत दिली त्याचे नाव फलकावर लिहू नये. खेड्यात ते नाव त्याला जन्मभर चिकटते. वर्गातली मुले त्यावरून बोलतात आणि मग पुढच्या वर्षी खरा गरजू पुढेच येत नाही. रक्कम थेट कॉलेजच्या, मेसच्या किंवा दुकानदाराच्या खात्यात जमा करावी, नाव वहीत राहावे आणि ती वही कमिटीतल्या दोघातिघांनीच पाहावी. मदत कोणत्या जातीच्या किंवा धर्माच्या घराला हेही पाहू नये. आपल्या गावात बौद्धवाडा असेल, मुसलमानांची घरे असतील, कोलाम किंवा गोंडांचा पोड असेल. जून महिना सगळ्यांच्याच दाराशी सारखा येतो. मंदिरात येण्याची, माळ घालण्याची किंवा व्यसन सोडण्याची शपथ घेण्याची अटही घालू नये. व्यसनमुक्तीचे काम स्वतंत्रपणे जरूर करावे, पण बापाच्या दारूपायी मुलीचे शिक्षण अडवू नये.

ज्येष्ठांना हे कसे पटवावे? त्यांना गाडगेबाबांच्या दशसूत्रीची आठवण करून द्या. शेंडगावात जन्मलेले आणि १९५६ साली वलगावजवळ देह ठेवलेले बाबा आपल्याच मातीतले. त्यांच्या दशसूत्रीत भुकेलेल्यांना अन्न आहे, तसेच गरीब मुलामुलींना शिक्षणासाठी मदत, बेकारांना रोजगार आणि गरीब तरुण-तरुणींचे लग्न हेही आहे. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाने १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, त्यामुळे महाराजांच्या सेवेत काही कमी पडले असे कोणी म्हणत नाही. महाप्रसाद मात्र बंद करू नका. आलू-वांग्याची भाजी, वरण-भात आणि बुंदीच्या त्या पंगतीत सगळे गाव मांडीला मांडी लावून बसते, आणि वर्षभर कोणापुढे हात न पसरणारा माणूसही तिथे संकोच न करता जेवतो. ज्येष्ठांचा जीव त्यात गुंतला आहे तो योग्यच आहे.

सामूहिक विवाहाबद्दल थोडक्यात सांगतो. त्यामुळे मंडप, वरात आणि जेवणावळीचे कर्ज टळते, म्हणून तो चांगलाच. पण वधू अठरा आणि वर एकवीस वर्षांचा पूर्ण असल्याचा शाळेचा दाखला हातात घेतल्याशिवाय नाव नोंदवू नका, मग शिफारस कोणाचीही असो. आजारपणासाठी रोख देण्याआधी धर्मादाय रुग्णालयांतल्या निर्धन रुग्णांसाठी राखीव असलेल्या दहा टक्के खाटांची चौकशी करा, आणि कर्करोगाचा रुग्ण मुंबईला न्यायचा असेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहण्याची सोय होऊ शकते हे त्या कुटुंबाला सांगा.

हिशेबाचे म्हणाल, तर आधी मंदिराचा ट्रस्ट नोंदलेला आहे का आणि त्याच्या घटनेत शिक्षण व वैद्यकीय मदत हे उद्देश आहेत का ते पाहा. नसतील तर जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाणाऱ्या एखाद्या वकिलाचा सल्ला घेऊन ते रीतसर घालून घ्या आणि तोवर शिल्लक रकमेला हात लावू नका. “देवाचा पैसा देवालाच लागावा” असे जे म्हणतात त्यांची हरकत मला रास्त वाटते, कारण त्यांनी तो प्रसादासाठी दिला होता. यावरचा उपाय असा की, येत्या माघापासून दोन पावतीपुस्तके छापावीत, एक उत्सवाचे आणि एक शिक्षण-साहाय्याचे, आणि वर्गणी मागायला जाल तेव्हा दोन्ही समोर ठेवून कोणती फाडायची ते देणाऱ्याला विचारावे. पहिल्या वर्षी दुसऱ्या पुस्तकात फार पावत्या फाटणार नाहीत. तेवढ्यात एका मुलाची मेस भागली तरी जूनचे काम सुरू होईल, आणि गुढीपाडव्याला दोन्ही हिशेब मंदिरात वाचून दाखवता येतील.