सेव्ह नको, एक्स्पोर्ट कर

बाळा,

काल रात्री तुझा व्हॉइस मेसेज आला, दोनदा ऐकला. एफएल स्टुडिओचं ट्रायल, रीपर, एलएमएमएस, गाणी करायची ही तिन्ही सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून चार महिने झाले आणि विचारायलास काय, तर मामा यातलं शिकायला कोणतं चांगलं. केलेलं एखादं गाणं पाठव म्हणलं तर गाणंच नाही. चार महिन्यात एकपण नाही?

एफएलचं ट्रायल सेव्ह करतं पण विकत घेईपर्यंत ते परत उघडू देत नाही म्हणून तू वैतागलायस. मला विचारशील तर शिकणाऱ्यासाठी यासारखी चांगली अडचण नाही, कारण एक्स्पोर्ट होतंय ना! संध्याकाळी बसायचं, जेवायची हाक येईपर्यंत जे जमलं ते एक्स्पोर्ट करायचं, म्हणजे कुठंही वाजंल अशी वेव्ह फाइल, आवाजाची फाइल, करून बाहेर काढायचं, उठायचं. उद्या दुसरं. आठ बारचा, म्हणजे ठेक्याच्या आठ मापांचा, परत परत वाजणारा लूप झाला तरी एक्स्पोर्ट कर, बेसूर झाला तरी कर.

मी हे उगं म्हणत नाही. २०११ ला अंबाजोगाईत माझ्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या साध्या माइकवर रेकॉर्ड केल्या, मागं पेटी, संबळ लावत बसलो. वर्षभर तेच. रोज उघडायचं, संबळ जरा कमी, जरा जास्त, सेव्ह, बंद. मग एका रात्री लाइट आली ती एवढ्या व्होल्टेजनं आली की हार्ड डिस्कच गेली. पेनड्राइव्हवर प्रोजेक्ट फाइल होती म्हणून मी निवांत होतो, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली तर ट्रॅक सगळे दिसायलेत आणि आवाज कुठलाच नाही. प्रोजेक्ट फाइलीत रेकॉर्ड केलेला आवाज नसतो रे, तो कोणत्या फोल्डरात पडलाय एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं, आणि ते फोल्डर जळालेल्या डिस्कवर. आत्या त्याच्या आधीच्या दिवाळीला गेली होती. दोन मिनिटं लागली असती एक्स्पोर्टला.

आता तुझे बाकीचे प्रश्न. कीबोर्डची की दाबल्यावर आवाज उशिरा येतो तो लॅपटॉपचा दोष नाही, बफर, म्हणजे वाजवायच्या आधी आवाजाचे जेवढे नमुने साठवले जातात तो आकडा, १०२४ वर असेल, सेकंदाला ४४१०० नमुने धरले तर ते २३ मिलिसेकंद होतात, हलगी वाजवणाऱ्या हाताला तेवढं लगेच कळतं. आवाज लवकर पोचवणारा एएसआयओ ड्रायव्हर लाव, बफर २५६ कर, आवाज तडतडला तर ५१२. आणि दादरा बसत नाही म्हणालास, कसा बसंल, एफएलमध्ये ठेका भरायच्या सोळा चौकोनात सहा मात्रा कशा मावतील, पॅटर्नची लांबी १२ कर, एका मात्रेला दोन चौकोन धर. मास्टर, म्हणजे सगळ्या ट्रॅकचा मिळून आवाज दाखवणारी पट्टी, लाल होऊ देऊ नको. झालं, सुरुवातीला एवढंच पुरे, आवाजाचे चढउतार दाबणाऱ्या कम्प्रेसरचे व्हिडिओ बघणं बंद कर आता.

मला माहितेय माझ्याबद्दल काय बोलतेत, वरातीची गाणी करतो, मिक्स चोंदलेलं असतं. असेल. पण त्या रात्रीनंतर माझ्याकडं गायला बसलेला एकही माणूस आवाज हातात घेतल्याशिवाय घरी गेला नाही, कच्चं तर कच्चं, मोबाइलवर टाकूनच पाठवतो. माझ्यापेक्षा चांगला कान असलेली दोन पोरं इथंच आहेत, त्यांचं एक गाणं कुणी ऐकलेलं नाही, मला खरंच वाईट वाटतं. तुझं तसं मी होऊ देणार नाही, तुला राग आला तरी चालंल.

कोणतं सॉफ्टवेअर ते परत विचारू नको. एफएल ठेव, बाकी दोन काढून टाक. तुझ्या हलगीचा ठेका मोबाइलवर रेकॉर्ड करून आत घे, त्याच्यावर खर्जातला एक बेस, बस. शुक्रवारी वेव्ह पाठव, आणि हलगीचा ट्रॅक वेगळा काढून तोपण पाठव. एसटीत बसून हेडफोनवर ऐकतो आणि परळी यायच्या आत फोन करतो.

तुझा मामा