वाचक विचारतात : पॉवर वाढवूनही चॅनेलचा अंदाज चुकतोच

प्रश्न : आमच्याकडे 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारा, चार अँटेनांनी पाठवून चार अँटेनांनी घेणारा संच आहे. दोन्ही टोकांची क्लॉक (फ्रिक्वेन्सी ठरवणारी घड्याळं) वेगळी. चॅनेलच्या ट्रेनिंगसाठी (म्हणजे वाटेत सिग्नल कसा बदलतो ते मोजायला) आधी एकेक अँटेनातून पायलट, म्हणजे आधीच ठरलेले सिग्नल, पाठवायचो; आता हॅडामार्डच्या +1, −1 रचनेने (चिन्हं अशी बदलून, की बेरीज-वजाबाकीने चारही वेगळे काढता यावेत) चारही अँटेनांतून एकदम पाठवतो. पण पॉवर कितीही वाढवली तरी त्रुटी एका पातळीखाली उतरत नाही. पायलट वाढवावेत का?
– एम.टेक.चा विद्यार्थी, नांदेड

उत्तर : पायलट चारच ठेवा, आधी क्लॉक बघा. चार अँटेना म्हणजे घेणाऱ्या प्रत्येक अँटेनाकडे चार अज्ञात, म्हणून चार पायलट तर लागतातच. पायलटची पॉवर डेटापेक्षा वेगळी ठेवता येत असेल तर तेवढेच पुरतात, हे हसिबी आणि हॉकवाल्ड या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं आहे. हॅडामार्डची निवडही बरोबर आहे. प्रत्येक अँटेना चारही वेळा चालू असतो, त्यामुळे नॉइजमुळे येणारी त्रुटी एक चतुर्थांश होते, म्हणजे 6 डेसिबलचा फायदा. (तीन अँटेनांना मात्र +1, −1 ची तीनच लांबीची अशी रचना मिळत नाही. वाय-फायमध्ये तिथेही चार पायलट लागतात ते यामुळेच.)

पण हे गणित चारही सिम्बॉलभर (एकेक पायलट पाठवायचा वेळ म्हणजे एक सिम्बॉल) चॅनेल स्थिर राहिला तरच जमतं. दोन क्लॉकमध्ये दशलक्षात 2 भागांचा फरक असला, तर 2.4 गिगाहर्ट्झवर तो 4.8 किलोहर्ट्झ होतो. 4 मायक्रोसेकंदांच्या सिम्बॉलला फेज (लहरीचा कोन) सुमारे 7 अंश फिरते, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत 21 अंश. मग बेरीज-वजाबाकीत दुसऱ्या अँटेनाचा सिग्नल पुरता कटत नाही. दोनच अँटेना धरले तरी 7 अंशांमुळे सुमारे 6 टक्के गळती होते, म्हणजे 24 डेसिबल खाली. पॉवर वाढवली की गळतीही तितकीच वाढते, म्हणून तुमची त्रुटी तिथेच अडते.

उपाय असा. पायलटच्या आधी एकच तुकडा लागोपाठ दोनदा पाठवा. दुसऱ्या तुकड्याचा प्रत्येक नमुना पहिल्यातल्या त्याच जागेच्या नमुन्याच्या कॉन्जुगेटने (कोनाचं चिन्ह उलटवलेल्या संख्येने) गुणा, बेरजेचा कोन काढा आणि त्याला 2π गुणिले दोन तुकड्यांमधल्या वेळेने भागा. हाच फ्रिक्वेन्सीतला फरक. त्यानुसार आलेले सगळे नमुने उलटे फिरवा, मगच हॅडामार्डने सोडवा. क्रम चुकवू नका. खात्री करायची असेल तर दोन्ही रेडिओंना एकच 10 मेगाहर्ट्झचा संदर्भ क्लॉक जोडून बघा. तरीही त्रुटी अडली तर घेणाऱ्या रेडिओचा गेन उतरवा, एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) क्लिप होत असेल, म्हणजे मोठा सिग्नल वरून छाटत असेल.

प्रश्न : टॉवरवर 64 अँटेना असले तर 64 पायलट लागतात का? एवढा वेळ कुठून आणायचा?
– एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. भारतात 5जीच्या 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पाठवणं आणि घेणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालतं, म्हणून पायलट मोबाइलने पाठवले तरी चालतात. ते मोबाइलच्या अँटेनांइतकेच लागतात, टॉवरचे 64 असोत की 128. वेळ खरोखरच कमी असतो : लातूर-नांदेड रस्त्यावर ताशी 72 किलोमीटरने जाणाऱ्या गाडीत, 3.5 गिगाहर्ट्झवर चॅनेल जेमतेम 2 मिलिसेकंद टिकतो. मात्र हवेतला मार्ग दोन्ही दिशांना सारखा असला तरी टॉवरची पाठवणारी आणि घेणारी सर्किटं सारखी नसतात. तो फरक वेगळा मोजून दुरुस्त करावा लागतो, नाहीतर बीम (मोबाइलकडे रोखलेला सिग्नल) भलतीकडेच वळतो.