घोडा का हरला, ते आधी लिही

अनेक आशीर्वाद.

परवा रात्रीचा तुझा मेसेज वाचला. "काका, क्लास फाइव्हच्या शर्यतींचं कार्ड आहे, सगळेच हरलेले. निवडायचं काय?" आणि शेवटी भाव बघून तू फेव्हरिटचं, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागतात त्या घोड्याचंच नाव पेपरात छापायला दिलंस. राग आला, पण तुझा नाही. तुला हे बसून कुणी शिकवलंच नाही, याचा.

क्लास फाइव्ह हा सगळ्यात खालचा वर्ग. हरलेले आहेत, मान्य. जिंकत राहिले असते तर रेटिंग, म्हणजे घोड्याच्या कुवतीचा आकडा, वाढून वरच्या वर्गात गेले असते. म्हणूनच इथे कोण जिंकेल हा प्रश्न नंतरचा. मागच्या वेळी घोडा का हरला, ते आधी लिही. प्रत्येकाचं. एकही गाळायचा नाही.

नुसत्या नंबरावर जाऊ नकोस. एक आठवा आला, पण पहिल्या आलेल्या घोड्याच्या चारच लेंग्थ मागे; लेंग्थ म्हणजे एका घोड्याच्या लांबीएवढं अंतर. दुसरा तिसरा आला, पण नऊ लेंग्थ मागे. शर्यती सारख्याच असतील तर मी आठव्याकडे आधी बघेन. हजार मीटरला शेवटच्या दोनशेत मुसंडी मारणारा अंतर कमी पडून हरला. तो चौदाशेला उतरला की त्याच्या नावावर खूण कर. पुण्यात भर पावसाळ्यात मऊ जमिनीवर जो चालला नाही, त्याला मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर हिवाळ्यात आणखी एक संधी दे. आणि चौथ्या वर्गातून खाली आलेल्याला लगेच डोक्यावर घेऊ नकोस. वर्ग उतरला की वजन चढतं. रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. वरच्या वर्गात हलक्या वजनावर पळणारा इथे खोगिरात सगळ्यात जड शिसं, म्हणजे वजन, घेऊन उभा राहतो. अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ, जॉकीची सवलत मिळाली तर वजन थोडं उतरतं, तेही मांड. पण मुळात तो वर का हरत होता? वेग कमी होता की पाय दुखत होता?

हे कागदावर कळत नाही, त्यासाठी पॅडॉकला, शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथे, जा. टीव्हीवर बघून भागत नाही, किती वेळा सांगू! सईस घोडा फिरवत असतो तेव्हा मागचं पाऊल कुठे पडतं ते बघ. पुढच्या खुराच्या खुणेच्या पुढे पडत असेल तर घोडा मोकळा चालतोय. आखूड, जपून टाकत असेल तर आधीचा फॉर्म बाजूला ठेव. मुंबईच्या दमटपणात मानेला घाम येणारच; पण मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस आणि डोळा भिरभिरता, असा घोडा गेटपाशी पोचण्याआधीच दमलेला असतो.

आणि इतकं करूनही कारण सापडलं नाही, तर "पसंती नाही" असं लिही. ते लिहायला धाडस लागतं, हे मला माहीत आहे. मी कॉलम लिहायचो तेव्हा संपादकांना रोज प्रत्येक शर्यतीत नाव हवं असायचं. एकदा मी रिकामी सोडलेली जागा त्यांनी परस्पर फेव्हरिटने भरली, माझ्या नावाखाली. मी कॉलम सोडला. घरचे आजही म्हणतात, एवढ्याशा गोष्टीवरून हातचं काम घालवलंस. ते लिहिणं सुटल्याची खंत आहे, रविवारी सकाळी तर फारच. पण ज्या घोड्याच्या हरण्याचं कारण मला ठाऊक नव्हतं, त्याच्यावर माझ्या शब्दाखातर कुणी पगारातले पैसे लावावेत, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

तुझ्यावरही तीच वेळ येईल. वरिष्ठ म्हणतील, वाचकांना नाव हवं असतं. वाचकांना कारण दे. नाव ते स्वतः काढतील.

पुढचं कार्ड आलं की नावं पाठवू नकोस. एकेका घोड्यापुढे एक ओळ लिही: का हरला. जिथे ओळ सुचणार नाही तिथे जागा कोरी ठेव आणि त्याच्या आधीच्या धावांचे व्हिडिओ परत बघ. मग फोन कर. रात्री उशिरा केलास तरी चालेल, मी जागाच असतो.

तुझा,
काका