आपण आवाज खाली केला तर पोरगा डोक्यावर बसेल का?

"मॅडम, आपणच नमतं घेतलं तर पोट्टं डोक्यावर नाही बसणार का?" जवळपास सगळेच आईबाप मला हे विचारतात. नागपुरातल्या मानेवाड्याकडचं एक कुटुंब (ओळख पटेल असं सगळं बदललंय) मे महिन्यात माझ्याकडे समुपदेशनाला आलं, मुलगा इंजिनिअरिंगला, दोन विषय बॅक, आणि आदल्या रात्री त्यानं वडिलांना ढकललं होतं.

ढकललं ते चूकच. पण मी म्हटलं त्याच्या आधीची पाच मिनिटं सांगा, कोण कुठे उभं होतं तेही सांगा. तर वडील दारात, दोन्ही हात चौकटीला, कूलर फुल्लवर त्यामुळे सगळे आधीच ओरडून बोलतायत, आणि मुलगा दोनदा म्हणाला होता, "बाबा, मले जाऊ द्या." भडकलेल्या माणसाची छाती धडधडत असते, समोरचा काय समजावतोय ते डोक्यात शिरतच नाही, त्यात वाट अडवली की धक्काबुक्कीला वेळ लागत नाही. नवराबायकोच्या भांडणांवर संशोधन करणारे जॉन गॉटमन सांगतात की ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की नीट ऐकणं-बोलणं होत नाही, शरीर निवायला निदान 20 मिनिटं लागतात.

म्हणून वडिलांना सांगितलं, दार सोडा, दोन हात लांब बसा, कूलर स्लो करा, आणि "शांत हो" अजिबात म्हणू नका, त्यानं माणूस अजून चिडतो. "तुला राग आलाय दिसतंय, अर्ध्या तासानं बोलू" एवढंच, आणि अर्ध्या तासानं खरंच बोलायचं, नाहीतर पोरगं समजतं की विषय टाळला.

"म्हणजे मी हारलो?" नाही ना काका! डी-एस्कलेशन म्हणजे आधी भडका खाली आणायचा, मुद्दा सोडायचा नाही. बॅकचंही बोलायचं, ढकलल्याचंही, फक्त नंतर.

पुढच्या भांडणात ते उठून गॅलरीत गेले, जड गेलं त्यांना. पोरानं माफी नाही मागितली, पण रात्री स्वतःहून सांगितलं की बॅकच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय. मला हे खूप वाटतं.

मात्र घरात कोणी वारंवार मारत असेल, धमकावत असेल, तुम्हाला जिवाची भीती वाटत असेल, तर हे उपाय त्यासाठी नाहीत आणि समोरच्याला शांत करायची जबाबदारीही तुमची नाही, तिथून आधी बाहेर पडा, 112 लावा, महिलांसाठी 181 आहे.