‘दर’ बदलायला गेले आणि बंदर बुडवलं

प्रश्न : ताई, मी देवगड तालुक्यातला आंबा बागायतदार. आम्ही सहाजण मिळून पेट्यांच्या ऑर्डरी ऑनलाइन घेतो. साइट भाच्याने पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत करून दिली, तो आता बंगळुरूला. सांभाळणारा मी एकटा, शिक्षण बी.कॉम., बाकी सगळं व्हिडिओ बघून. फायली २१२. साध्या नोटपॅडमध्ये एकेक उघडायची, बदलायची, बंद करायची. गेल्या मोसमात ऑर्डरचा मोबाइल नंबर बदलला. सगळीकडे बदलला असं वाटलं, पण ऑर्डर पक्की झाल्याच्या मेसेजात जुनाच राहिला. तो नंबर आता कोल्हापूरच्या एका गृहस्थांकडे आहे. एप्रिलभर लोक त्यांनाच विचारत होते, ‘पेटी कधी येणार?’ आणखी एक, एकदा एक फाइल काहीही न बदलता नुसती सेव्ह केली तर लॉगिनच बंद पडलं. कोड लिहायचा एडिटर म्हणून कुणी व्हीएस कोड घ्या म्हणतं, कुणी सब्लाइम, कुणी नोटपॅड-प्लस-प्लस. लॅपटॉप जुना, रॅम चार जीबी. काय घेऊ?

उत्तर : आधी त्या कोल्हापूरच्या गृहस्थांना एक पेटी पाठवा. महिनाभर बिनपगारी तुमचं ऑफिस सांभाळलंय त्यांनी.

आता एडिटर. नोटपॅडला फाइल उघडता येते, तुम्हाला फोल्डर उघडणारा हवा. त्यात डावीकडे २१२ च्या २१२ फायली उतरंडीसारख्या दिसतात, आणि शोधायचं ते एका फायलीत नाही, सगळ्या फोल्डरात एकदम शोधता येतं. व्हीएस कोड, सब्लाइम, नोटपॅड-प्लस-प्लस, तिघांतही त्याची कळ एकच आहे : कंट्रोल-शिफ्ट-एफ. ही कळ तुम्हाला गेल्या एप्रिलात माहीत असती तर हे पत्र आलं नसतं, असं म्हणणार होते. पण तसंही नाही.

तुमचा तो एक नंबर का सुटला असेल? माझा अंदाज, तो वेगळ्या तऱ्हेने लिहिलेला होता. आपल्या मराठी साइटींवर एकच नंबर कुठे इंग्रजी आकड्यांत असतो, कुठे देवनागरीत, कुठे पाच-पाच आकड्यांमध्ये जागा सोडून, कुठे पुढे अधिक एक्क्याण्णव लावून. संगणकाला देवनागरी चार आणि इंग्रजी चार ही दोन निराळी चिन्हं आहेत. म्हणून अख्खा नंबर कधी शोधू नका. शेवटचे चारच आकडे शोधा, एकदा इंग्रजीत, एकदा देवनागरीत. चार-दोन भलत्या ओळी येतील, येऊ देत. आणि सगळे सापडले की नंबर एका कॉन्फिग (म्हणजे सेटिंगांच्या) फायलीत ठेवा, बाकी सगळ्यांना तिथूनच घेऊ द्या. हे एडिटरचं काम नाही, पण पुढच्या मोसमात तुमची रात्र वाचेल.

शोधणं झालं. आता बदलणं, आणि इथे मला माझं पाप कबूल करायचंय. माझ्या चुलत जावेचा दापोलीकडे होमस्टे आहे, त्याची साइट मी बघते. एका मे महिन्यात ती म्हणाली, ‘खोलीचे दर’ हे जरा सरकारी वाटतं, ‘खोलीचे भाडे’ कर. भात शिजेपर्यंत होईल म्हणून मी बसले, सगळ्या फोल्डरात ‘दर’ शोधा, ‘भाडे’ घाला, आणि ‘रिप्लेस ऑल’ दाबलं. एकशे चाळीसच्या आसपास जागी बदल झाल्याचं आलं. खोल्या सहा, मग एवढे दर आले कुठून, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. दुसऱ्या दिवशी जावेचा फोन, ‘अगो, पुण्याचं गिऱ्हाईक विचारतंय हर्णे बंभाडे कुठे आलं म्हणून.’

बंदरात ‘दर’ आहे. चादरीत आहे, दररोजमध्ये आहे, आदरातिथ्यात तर आहेच. ‘स्वच्छ चादर’ची ‘स्वच्छ चाभाडे’ झाली होती, ‘नाश्ता भाडेरोज’ मिळत होता, आणि ‘बंदरावर’ होतं तिथे ‘डे’च्या पुढे सुटा काना ठिपक्यांच्या गोलावर लटकत होता. उलटा बदल करावा म्हटलं तर तोही धोक्याचा, कारण ‘भाडे’ हा शब्द मुळातही चार ठिकाणी होता. गिटमध्ये (जुन्या प्रती राखून ठेवणाऱ्या साधनात) जुनी प्रत नसती तर मी तो दिवस ओळीओळीने काढला असता.

यावर कुणीही सांगेल, ‘पूर्ण शब्द’ ही खूण करून शोधायचं. इंग्रजीत ते चालतं. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे पूर्ण ‘दर’ शोधला की ‘दरात’ आणि ‘दरांमध्ये’ सुटतात, आणि ती खूण न करता शोधला की बंदर बुडतं. उपाय एकच, बदलण्याआधी यादी डोळ्यांखालून घालणं. म्हणून एडिटर निवडताना मी पहिल्यांदा बघते ते हेच : बदल लिहिण्याआधी तो दाखवतो का? व्हीएस कोडमध्ये शोधाच्या पट्टीत जुना शब्द खोडलेला आणि नवा त्याच्या शेजारी दिसतो, नको ती ओळ फुलीने काढून टाकता येते. नोटपॅड-प्लस-प्लसचं ‘रिप्लेस इन फाइल्स’ मात्र एकदा विचारून सरळ डिस्कवर लिहून मोकळं होतं, तिथे आधी फोल्डरची कॉपी केल्याशिवाय बोट लावू नका. (ती कॉपी त्याच फोल्डरात ठेवलीत तर पुढच्या शोधात प्रत्येक गोष्ट दोनदा सापडेल. मी ठेवली होती.)

मग घ्यायचा कोणता? मी स्वतः सब्लाइम वापरते. २००८ मध्ये आला तेव्हा नाही, पण बऱ्याच वर्षांपूर्वी घेतला, पैसे भरून. फुकट कितीही दिवस वापरता येतो, मधूनमधून पैशांची आठवण करतो एवढंच. चपळ आहे, जुन्या यंत्रावर धावतो. तरी तुम्हाला मी व्हीएस कोड सांगेन, आणि कारण तुमचा भाचा आहे. कोड दुसऱ्याने लिहिलेला, तो आता हाताशी नाही. एखाद्या पानावर पेटीचा वाहतूक खर्च काढणारं फंक्शन दिसलं, तर ते मुळात कुठल्या फायलीत लिहिलंय हे तुम्हाला दिवसातून दहादा लागणार. व्हीएस कोडमध्ये पीएचपीसाठी इंटेलिफेन्स नावाचं एक्स्टेन्शन (म्हणजे जोड-पुरवणी) टाका, फंक्शनच्या नावावर कर्सर ठेवून एफ-१२ दाबा, थेट तिथे. (सगळीकडचं नाव एकदम बदलण्याची सोय त्यात पैसे भरल्यावर मिळते, त्याची तुम्हाला घाई नाही.) फाइल उघडायला डावीकडच्या फायलींच्या झाडात खाली-वर फिरत बसू नका. कंट्रोल-पी दाबून नावातली तीन अक्षरं टाका.

चार जीबीची अडचण खरी आहे. व्हीएस कोड इलेक्ट्रॉनवर बांधलाय, म्हणजे त्याच्या पोटात एक क्रोमियम ब्राउझरच असतो. शेजारी खऱ्या ब्राउझरच्या वीस टॅब उघड्या असल्या की लॅपटॉप धापा टाकणारच. टॅब कमी करा, एक्स्टेन्शनं एक-दोनच ठेवा, आणि लॅपटॉपात रिकामा स्लॉट असेल तर आणखी चार जीबी घाला. तरीही जमलं नाही तर नोटपॅड-प्लस-प्लस. २००३ पासूनचा, फुकट, हलका, ‘फोल्डर अ‍ॅज वर्कस्पेस’ केलंत की झाड दिसतं. फक्त एफ-१२ ची उडी विसरा. आमच्यासारखी तुमच्याकडेही वारा सुटला की लाइट जात असेल, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी काय असते ते मी सांगायला नको. दोन्ही एडिटर सेव्ह न केलेला मजकूर स्वतःहून बाजूला राखतात, नोटपॅड-प्लस-प्लस तर दर सात सेकंदांनी.

ठरवण्याआधी एक करा. साइटच्या फोल्डरची कॉपी घ्या आणि तोच तुमचा जुना नंबर दोन्ही एडिटरांत शोधून बदलून बघा. कुठे हात अडतो ते अर्ध्या तासात कळेल. आणि एकदा निवडलात की दोन-तीन वर्षं बदलू नका, निदान तो बंद पडेपर्यंत. तसंही होतं म्हणा : अ‍ॅटम नावाचा गाजलेला एडिटर १५ डिसेंबर २०२२ ला त्याच्याच कर्त्यांनी बंद केला.

राहिलं लॉगिन. जुनं नोटपॅड यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळी अक्षरं साठवण्याची पद्धत) फाइल सेव्ह करताना सुरुवातीला तीन अदृश्य बाइट घालायचं, त्याला बॉम म्हणतात. पीएचपीला ते पानावरचा मजकूर वाटतात, तो ते आधी पाठवून टाकतो, आणि मग लॉगिनची कुकी (ब्राउझरने लक्षात ठेवायची खूण) पाठवायची वेळ निघून गेलेली असते. २०१९ च्या विंडोज अपडेटपासून नोटपॅडने ही सवय सोडली, तुमच्या लॅपटॉपवर त्याआधीचं असणार. व्हीएस कोडमध्ये ती फाइल उघडून खाली उजवीकडे बघा. ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ असं दिसलं तर त्यावर क्लिक करून ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’ने साधं यूटीएफ-८ करा.

प्रश्न : मी रत्नागिरीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर म्हणतात, विम हा एडिटर येत नसेल तर तू प्रोग्रामरच नाहीस. खरं आहे का?

उत्तर : नाही. पण सहा कळा शिकून ठेव, सरांसाठी नव्हे, सर्व्हरसाठी, म्हणजे साइट चालवणाऱ्या दूरच्या संगणकासाठी. तिथे दुसरं काही नसलं तरी व्हीआय किंवा त्याचा वारस विम बहुधा असतो. आय दाबून लिहायचं, एस्केपने बाहेर यायचं, कोलन-डब्ल्यू-क्यूने जतन करून निघायचं, कोलन-क्यू आणि उद्गारचिन्हाने काहीही न ठेवता निघायचं, यू म्हणजे उलटव, तिरकी रेघ म्हणजे शोध. व्हीआय बिल जॉयने १९७६ मध्ये लिहिला तो ३०० बॉडच्या संथ मोडेमवर काम करताना, म्हणजे अक्षरं एकेक करून पडद्यावर येत त्या काळी. श्रावणात आमच्या वाडीत रेंजची एक काडी येते-जाते, तेव्हा सर्व्हरवरची फाइल दुरुस्त करायला मला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही सापडलेलं नाही. मध्येच जोडणी तुटली तरी विमची स्वॅप फाइल, म्हणजे जतन न केलेल्या बदलांची नोंद, मागे राहते. परत जोडून तीच फाइल उघडलीस की तो लांबलचक सूचना दाखवतो, घाबरून पुढे जाऊ नकोस. आर दाब, मजकूर परत येईल, तो तपासून जतन कर, आणि मग स्वॅप फाइल पुसून टाक, नाहीतर दर वेळी तीच सूचना येत राहील.